बोरीच्या खुंटावर सफरचंद

त्या दिवशी विजया निसळने नुसतं "पेरू" म्हटलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. निदान "डाळिंब" तरी म्हणायचं. पण शपथविधीच्या भाषणात माणूस पेरूवर थांबत नाही. समोर चारशे मुलं, मागे हेडसर, डोक्यात तालुका वक्तृत्व स्पर्धेचा चांदीचा पेला (म्हणजे चांदीसारखा दिसणारा), आणि तोंडात शब्दांची अशी गर्दी की जो पुढे घुसेल तो बाहेर.

घुसलं ते सफरचंद.

"किल्ल्यामागच्या माळावर," विजया हात उंचावून म्हणाली, "मी मुक्या हरणांसाठी आणि पाखरांसाठी सफरचंदाची बाग उभी करीन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खर्डा गावात तोवर सफरचंद फक्त त्यांनीच खाल्लं होतं ज्यांना विषमज्वर झाला होता. विजयाने दोनदा खाल्लं होतं, एकदा स्वतःच्या विषमज्वरात आणि एकदा शेजारच्यांच्या. झाड मात्र कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे टाळ्या वाजवायला कुणालाच अडचण आली नाही.

हा शपथविधी शाळेच्या मंत्रिमंडळाचा होता, साल एकोणीसशे त्र्याहत्तर, जून संपत आला होता. दरवर्षी मुलींना एकच खातं मिळायचं, सांस्कृतिक. म्हणजे पाहुणे आले की रांगोळी, पाहुणे बसले की स्वागतगीत, पाहुणे उठले की गुच्छ. यंदा वनखातं रिकामं राहिलं, कारण आदल्या दुष्काळात आधीच्या वनमंत्र्यांचे सगळे गुलमोहर वाळून गेले होते आणि वाळलेलं खातं कुठल्याच मुलाला नको होतं. नववीतल्या विजयाने हात वर केला. हेडसरांनी इकडेतिकडे पाहिलं, दुसरा हात दिसेना, तेव्हा म्हणाले, "बरं, घे. ऑक्टोबरपर्यंत बघू. नाही जमलं तर खातं परत मुलांकडे आणि तू परत रांगोळीकडे."

ते "परत" विजयाला बोरीच्या काट्यासारखं रुतलं. आत मोडून राहिलं.

त्यातच वरून परिपत्रक आलं होतं. ऑक्टोबरातल्या वन्यप्राणी सप्ताहापर्यंत शाळांनी पशुपक्ष्यांच्या उपयोगाची, काटक अशी फळझाडं लावावीत आणि सोबतचा तक्ता भरावा. तक्त्यात चार रकाने होते. जात, खुंट, संख्या, जिवंत. पहिला रकाना विजयाने भाषणात भरून टाकला होता. दुसऱ्याचा अर्थ तिला माहीत नव्हता. पण मंत्र्याने सगळं माहीत करून घेतलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? त्यासाठी सल्लागार असतात.

सल्लागार भिंतीपलीकडेच राहत होते. नृसिंहकाका जिल्ह्याच्या शेती खात्यात एकतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो झाडांची नोंद केली होती, एकाही झाडाला हात लावला नव्हता. हात स्वच्छ राहिल्यामुळे त्यांचं ज्ञानही अगदी स्वच्छ राहिलं होतं.

"खुंट म्हणजे खालचा," काका अंगणातल्या खाटेवर मांडी घालून म्हणाले. "मुळं त्याची, राबणं त्याचं. त्याच्या सालीत वरच्या जातीच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब, बसवायचा. खाली सालगडी, वर इनामदार. सफरचंद नाजूक जात, त्याला खाली काटक गडी हवा. तो निवडला की काम फत्ते!"

गडी निवडायचा आहे ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली आणि सगळी गल्ली निवडायला बसली. वाण्याच्या मते बाभूळ बरी, सफरचंदाला आयती राखण होईल. शिंपीकाका म्हणाले निवडुंग लावा, पाणीच नको. समोरच्या काकूंनी पपईचं नाव घेतलं, कारण पपई लवकर येते आणि त्यांना वाट पाहणं आवडत नाही. विजयाची आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "जिथे लावलेलं काही जगत नाही तिथे आपलं आपण काय उगवतं ते बघा आधी." त्या वाक्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. खूप शहाणपणाचं बोलायचं असेल तर ते तांदूळ निवडताना बोलू नये.

शेवटी निकाल काकांनीच दिला. माळावर अकरा गावठी बोरी होत्या. दुष्काळात विहिरी आटल्या, बोरी हिरव्या राहिल्या. शिवाय बोर गोल, सफरचंद गोल. बोर पिकलं की लाल, सफरचंदही लाल. दोन्ही कचकन तुटतात. "म्हणजे चुलत घराणं झालं!" काका म्हणाले. "बोर हे गरिबाचं सफरचंद आहे असं आमचे साहेब नेहमी म्हणायचे."

साहेब ते बोरं खाताना म्हणायचे की कलमं बांधताना, हे विचारायचं विजयाला सुचलं नाही.

डोळे आणायचे कुठून, ही अडचण तिने एका पत्रात सोडवली. तिचा मामा सिमल्याला सरकारी हिशेबखात्यात होता. तिने त्याला सफरचंदाच्या चार-पाच कोवळ्या काड्या पाठवायला लिहिलं आणि खाली ऐटीत सही ठोकली, "वनमंत्री, खर्डा." या सहीने पुढे जे केलं ते शत्रूनेही केलं नसतं.

दरम्यान खुंट तयार करायचे होते. काकांकडे खात्याची एक जुनी पुस्तिका होती, तिच्याप्रमाणे झाड कमरेएवढं ठेवून वरचं सगळं कापायचं, मग जी नवी फूट येईल तिच्यावर डोळे भरायचे. शाळेचा मुख्यमंत्री मच्छिंद्र अकरावीत होता, घरची शेती होती, कुऱ्हाड उत्तम चालवायचा. एका शनिवारी त्याने आणि त्याच्या दोस्तांनी अकराच्या अकरा बोरी उडवल्या. माळ न्हाव्याकडून आल्यासारखा दिसू लागला.

आणि तेवढ्यात गोजरबाई आली.

गोजरबाई शाळेच्या फाटकाशी पाटी घेऊन बसायची. उन्हाळ्यात करवंदं, पावसाळ्यात शेंगा आणि थंडीत त्याच अकरा बोरींची बोरं. तिने पाटी खाली ठेवली, एक खोड पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि मग तिचा आवाज किल्ल्याच्या भिंतीला आपटून परत आला.

"कुनी केलं ह्ये? आँ? कुनाचं हात झडलं?"

मुख्यमंत्र्यांनी कुऱ्हाड पाठीमागे लपवली आणि वनमंत्र्यांकडे बोट दाखवलं. राजकारणात असंच असतं.

"मावशी, इथे सफरचंद येणार आहेत," विजया शक्य तितक्या अधिकाराने म्हणाली. "हरणांसाठी."

"हरनानं चिठ्ठी धाडली व्हय तुज्या बापाच्या पोष्टात? म्हनं सफरचंद! आगं, माज्या हिवाळ्याची भाकर तोडलीस की गं पोरी!" मग ती एकदम थांबली, खोडावरून हात फिरवला, सालीवर नखाने ओरखडलं, आणि काही न बोलता पाटी उचलून चालती झाली. विजयाला वाटलं, शिव्या संपल्या असतील. त्या रात्री तिला भाकरी गेली नाही. रांगोळीचं भय होतंच, त्यात आता गोजरबाईची भाकर येऊन बसली.

ऑगस्टात पार्सल आलं. आलं ते थेट विजयाच्या वडिलांच्या टेबलावर, कारण शामकांत निसळ हे खर्ड्याचे पोस्टमास्तर होते. विजया धावत पोस्टात गेली.

"बाबा, माझं पार्सल!"

शामकांतरावांनी चष्मा खाली घेऊन पत्ता वाचला. "हे वनमंत्र्यांचं आहे."

"मीच वनमंत्री!"

"वनमंत्री मुंबईला सचिवालयात असतात. हे चुकून इकडे आलंय. उद्याच्या डाकेने मुंबईला पाठवतो."

"बाबा, अहो, मामाचं अक्षर आहे!"

"पोस्टात अक्षर बघत नाहीत, पत्ता बघतात." मग मुलीचा चेहरा पाहून ते जरा विरघळले, पण नियमांच्या आतच विरघळले. "पत्त्यावरची व्यक्ती तूच, असं शाळेच्या शिक्क्यानिशी पत्र आण. तीन दिवस थांबतो."

हेडसर सभेसाठी जामखेडला गेले होते आणि शिक्क्याच्या कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात होती. कारकून म्हणाला, सही देतो, शिक्का नाही. बाबा म्हणाले, शिक्का असेल तर सही नसली तरी चालेल. विजया शाळा ते पोस्ट आणि पोस्ट ते शाळा इतकी फिरली की वाटेवरची कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकायची थांबली. घरी एकाच ताटात बाबा आणि पार्सल अडवणारे पोस्टमास्तर जेवत होते. "कोशिंबीर वाढ," असं ते म्हणाले की विजया विचारायची, "शिक्क्याचं पत्र आहे का?"

दुसऱ्या दिवशी आई पोस्टाच्या खिडकीशी उभी राहिली आणि गजांतून तांब्याने पार्सलवर पाणी शिंपडू लागली.

"अगं, सरकारी टपाल आहे ते!" शामकांतराव ओरडले.

"टपाल सरकारी असेल. आतली काडी माझ्या भावाने पाठवलीय. ती तहानेली मरेल." आणि तिने उरलेलं पाणी ओतलं. बाबांनी नोंदवहीत काय लिहावं यावर दुपारभर विचार केला आणि शेवटी "पाऊस" असं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी शिक्का उमटला. पार्सलातल्या काड्यांना ओल्या गोधडीचा वास येत होता, पण सालीखाली अजून हिरवं होतं. रविवारी डोळे भरले. काका छत्रीखाली दूर उभे राहून पुस्तिका वाचत होते, "इंग्रजी टी या अक्षराप्रमाणे छेद द्यावा. हं, द्या." विजया ब्लेडने छेद देत होती, मुली सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधत होत्या. एका झाडाला चार, असे चव्वेचाळीस डोळे. विजयाच्या हाताला सतरा काटे. हेडसर दुसऱ्याच दिवशी इतके खुलले की त्यांनी वर कळवूनसुद्धा टाकलं. जात सफरचंद, खुंट बोर, संख्या अकरा, जिवंत अकरा.

अकरा जिवंत होत्या हे खरंच होतं. पण त्या बोरी होत्या.

आठव्या दिवशी डोळे तपकिरी झाले, पंधराव्या दिवशी काळे, आणि विसाव्या दिवशी विजयाने बोट लावलं तर एकेक डोळा खपलीसारखा हातात आला. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस. काका म्हणाले, "हवामान!" आणि छत्री मिटून घरी गेले. मुलं मधल्या सुट्टीत तिला "काश्मीर" म्हणू लागली. "काय काश्मीर, बर्फ पडलं का?" मच्छिंद्र तेवढा हसला नाही. पण तोही हळूच म्हणाला, "विजया, सांस्कृतिक खातं अजून मोकळं ठिवलंय. मनाला लावून घेऊ नगंस." सहानुभूतीपेक्षा हसणं परवडतं.

इकडे खाली सालगडी मात्र माजला होता. अकराही खोडांना अशी फूट आली की काय सांगावं! हातहात लांब फांद्या, तकतकीत पानं. इनामदार मेल्याचं त्यांना काडीचं सुतक नव्हतं.

सप्टेंबरअखेर पत्र आलं. अशी बाग जिल्ह्यात दुसरी नाही, तेव्हा विस्तार अधिकारी पाच ऑक्टोबरला जातीने पाहायला येत आहेत. हेडसरांनी पत्र वाचलं, घोटभर पाणी घेतलं आणि विजयाला बोलावलं.

"साहेब शहरी माणूस आहेत. सफरचंदाचं पान त्यांनी कुठे पाहिलंय?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "तू फक्त बोट दाखवायचं. बोलायचं नाही."

"पण सर, बोरीला काटे असतात."

या मुद्द्यावर नृसिंहकाकांना पाचारण झालं. काका म्हणाले, "काटे काढून टाका."

अकरा बोरींचे काटे काढणं हे काय काम आहे, हे ज्याने एका बोरीचेही काढले नाहीत त्याला सांगून कळणार नाही. एकेका पानाच्या मुळाशी दोन, त्यातला एक सरळ आणि एक वाकडा, म्हणजे सरळ चुकवला की वाकडा धरतो. चार तारखेला शाळा सुटल्यावर विजया अडकित्ता घेऊन एकटीच माळावर बसली. मैत्रिणींना तिने सांगितलंच नव्हतं. सांगायची लाज वाटत होती. तासाभरात एका फांदीचे काटे निघाले, बोटं लाल झाली, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते बोटांमुळे नव्हतं.

"काय करायलीस गं पोष्टाच्या पोरी?" गोजरबाई मागे उभी होती. "झाडाची हजामत?"

विजयाने सगळं सांगून टाकलं. अगदी रांगोळीपर्यंत. गोजरबाई ऐकता ऐकता खाली बसली, आणि मग जी हसायला लागली ती पदर तोंडात कोंबून हसत राहिली.

"आगं येडे, कोल्हा काकडीला राजी! त्येला तुजं सफरचंद कशाला?" तिने काठीने जमिनीवरचं काहीतरी उकरलं. "ही बघ, मागल्या वर्सीची कोल्ह्याची शी. पार वाळून गेलीय. काय दिसतंय?"

"बिया."

"कशाच्या?"

विजया वाकली. "बोराच्या!"

"मंग? कोल्हा खातो, हरनं खाली पडल्याली येचत्यात, साळुंक्या तर आमच्या आदी. अन् लहान बोर हाय म्हनून पाखरू गिळतंय. मोठ्ठं झालं तर चोचीत मावंल का? ह्यो खुंट म्हनतीस न्हवं, ह्योच त्येंचं झाड हाय. वर काय बसवायचं कामच न्हाई."

विजयाने समोरच्या खोडाकडे पाहिलं. मग तिला आठवलं. "पण मावशी, आम्ही तोडली. तुमची भाकर..."

"त्या दिशी तोंड सोडलं म्या, ती घाईच झाली माजी. बोरीला छाटलं की ती चेवानं फुटती. वर बघ की जरा!"

विजयाने वर पाहिलं. पानापानाच्या बेचक्यात हिरवट पिवळी, टाचणीच्या डोक्याएवढी फुलं. हजारो. आणि त्यांच्यावर मधमाश्यांचा असा गुंजारव, की इतके दिवस तो ऐकू कसा आला नाही याचंच तिला नवल वाटलं. इतके दिवस ती फक्त मेलेले डोळे मोजत होती ना!

तिने अडकित्ता गोजरबाईला देऊन टाकला. सुपारीसाठी.

पाच तारखेला जीप आली. साहेब उतरले, माळावर आले, आणि पहिल्याच झाडाने त्यांचा शर्ट बाहीला धरला.

"सफरचंदाला काटे असतात?" साहेबांनी विचारलं.

हेडसर खोकले. विजयाला सांगितलं होतं फक्त बोट दाखवायचं. तिने बोट दाखवलं, स्वतःकडे.

"साहेब, हे सफरचंद नाही. एकही नाही. चव्वेचाळीस डोळे भरले, चव्वेचाळीस मेले. चूक माझी आहे. आम्ही बाहेरचं फळ आधी ठरवलं आणि इथल्या झाडाला गडी केलं. खरं म्हणजे काटक जात शोधायची नव्हतीच, ती इथेच उभी होती. ही बोरं कोल्हा खातो, हरणं खातात, पाखरं खातात. तुम्ही तक्त्यात जात बोर लिहा आणि खुंटही बोरच लिहा."

चांदीसारख्या पेल्याला शोभेल असं हे भाषण नव्हतं. आवाज दोनदा फाटला. टाळ्या तर मुळीच पडल्या नाहीत.

साहेबांनी बाही सोडवून घेतली आणि तक्ता काढला. "बोर छापील यादीत नाही," ते म्हणाले. "आंबा आहे, चिकू आहे, पेरू आहे. शिवाय ही झाडं तुम्ही लावलीत कुठे? ती होतीच. तुम्ही नुसती तोडलीत."

"हो साहेब," विजया म्हणाली. "पण चांगली तोडली."

साहेबांच्या मिशा किंचित हलल्या. हेडसर पुढे झाले. "साहेब, आम्ही आजच हे खातं मुलांकडे परत..."

"थांबा हो. जानेवारीत मी पुन्हा या बाजूला येणार आहे. रानातला एक प्राणी तरी ही बोरं खाताना या मुलीने मला दाखवला, तर मी तक्त्याखाली शेरा म्हणून लिहीन. तोपर्यंत खातं तिच्याकडे राहू द्या."

नोव्हेंबर, डिसेंबर असे गेले की विजयाने परीक्षा कधी दिली तिलाच कळलं नाही. गोजरबाईबरोबर तिचा करार ठरला, सात झाडं पाटीची आणि चार रानाची. गोजरबाईने चार कुठली ते स्वतः निवडलं, जास्त गोड नसलेली. ("हरनाला काय साखर लागती?") मैत्रिणी रोज सकाळी पावलांचे ठसे बघून यायच्या. ठसे असायचे, प्राणी नसायचा. मुलं म्हणायची, बकरी असेल.

आणि जानेवारीतल्या एका पहाटे, थंडीने दात वाजत असताना, सगळं गाव लोटल्यासारखी मंडळी बांधाआड येऊन बसली. साहेब, हेडसर, मच्छिंद्र, गोजरबाई, पोस्ट उघडायला अवकाश आहे म्हणून आलेले बाबा, आणि छत्री घेतलेले नृसिंहकाका. पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. हेडसरांना खोकला आला, तो त्यांनी मफलरमध्ये दाबला. काका "हवामान" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. नियमात बसत नसतानाही. विजया रानाच्या चार झाडांवरून नजर हलवत नव्हती. नाही आलं कुणी तर? उजाडत आलं, साहेबांनी घड्याळ पाहिलं, पाय झाडले, उठायला लागले.

गोजरबाईने त्यांचा कोट धरून खाली ओढला.

माळाच्या टोकाला काहीतरी हललं. वाळलेल्या गवताच्याच रंगाची एक हरणी, मागे दोन, त्यांच्या मागे एक पाडस. हरणी थांबली, कान फिरवले, चार पावलं आली, पुन्हा थांबली. मग चौथ्या झाडाखाली मान घातली. एवढ्या शांततेत बोर फुटल्याचा आवाजसुद्धा बांधापर्यंत आला. कचकन.

साहेबांनी घाईघाईने तक्ता उघडला, पेनाचं टोपण काढलं आणि वाकून कुजबुजले, "मग शेऱ्यात काय लिहू मी? आणि संख्या चार की अकरा—"

विजयाने मान वळवलीसुद्धा नाही. तिने नुसतं ओठांवर बोट ठेवलं.

आणि सरकार गप्प बसलं.